वेगळं होण्याचा हेतू नसताना: नव्या प्रजाती कशा घडतात

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून खेचर जन्माला येतं. ते धडधाकट असतं, काटक असतं, पण अगदी तुरळक अपवाद सोडले तर त्याला पिल्लं होत नाहीत. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं, गाढवाच्या पेशीत ६२, म्हणून खेचराच्या वाट्याला येतात ६३. शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक गुणसूत्राने आपल्या जोडीदाराशी जुळायचं असतं. खेचराच्या पेशीत ही जुळणी बिघडते आणि वंश तिथेच थांबतो.

एवढं शाळेत शिकवलेलं असतं. पण त्यातच एक अवघड प्रश्न दडलेला आहे. नैसर्गिक निवड टिकवते ते गुण कोणते? ज्यांच्यामुळे संतती जास्त होते किंवा जास्त जगते. वांझपणा तर संततीच थांबवतो. मग तो पिढ्यान्‌पिढ्या निवडला जाऊन पक्का झाला, असं म्हणताच येत नाही. तरीही निसर्गात पाहावं तिकडे जवळच्या प्रजातींमध्ये असे अडथळे उभे आहेत. ते आले कुठून?

चार्ल्स डार्विनला हा प्रश्न नीट दिसत होता. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने एक अख्खं प्रकरण संकरालाच दिलं. त्याचा निष्कर्ष असा की, संकरातला वांझपणा हा मुद्दाम कमावलेला गुण नाही. दोन समूहांमध्ये इतर कारणांनी जे फरक पडत गेले, त्यांच्या ओघात तो आपोआप आला. ही दिशा बरोबर होती. पण जनुकांची कल्पनाच तेव्हा नसल्यामुळे हे 'आपोआप' नेमकं कसं घडतं, ते सांगणं त्याला शक्य नव्हतं. ते कोडं सुटायला पुढची पाऊणशे वर्षं लागली. उत्क्रांतीशास्त्रातली मला सर्वांत आवडणारी उकल हीच आहे, आणि ती समजायला गणिताची किंवा जडजंबाल परिभाषेची गरज पडत नाही.

आधी प्रजाती म्हणजे काय, ते थोडक्यात ठरवून घेऊ. दिसायला वेगळे ते वेगळे, हा आपला नेहमीचा हिशेब फार लवकर फसतो. ग्रेट डेन आणि चिवावा ही कुत्री एकाच प्रजातीची आहेत. उलट आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा म्हणून एकच डास समजला जात होता, तो प्रत्यक्षात हुबेहूब एकसारख्या दिसणाऱ्या अनेक प्रजातींचा गट निघाला. त्यातल्या काही माणसाला चावतात, काही प्रामुख्याने जनावरांना. १९४२ साली एर्न्स्ट मायर या पक्षीशास्त्रज्ञाने दिसण्याऐवजी प्रजननावर आधारलेली व्याख्या मांडली. जे समूह निसर्गात आपापसात प्रजनन करतात आणि अशा इतर समूहांपासून प्रजननाच्या बाबतीत विलग असतात, ते म्हणजे प्रजाती. जिवाणूंना ही व्याख्या लावता येत नाही, जीवाश्मांवर तपासता येत नाही, आणि वनस्पती तिला वारंवार धाब्यावर बसवतात. पण 'एकाचे दोन कसे झाले' हे समजून घ्यायला तिच्याइतकी उपयोगी दुसरी व्याख्या नाही. कारण ती प्रश्नच बदलते: दोन समूहांमधली जनुकांची देवाणघेवाण कशामुळे थांबली, एवढंच मग शोधायचं उरतं.

भेट होण्याआधीचे अडथळे

प्रजनन-विलगता म्हटलं की लोकांना खेचर आठवतं. प्रत्यक्षात खेचरापर्यंत गोष्ट क्वचितच पोहोचते. बहुतेक प्रजाती त्याच्या कितीतरी आधी एकमेकांपासून तुटलेल्या असतात.

कॅरिबियन समुद्रात ऑर्बिसेला नावाच्या प्रवाळाच्या अगदी जवळच्या प्रजाती शेजारी-शेजारी वाढतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री त्या आपली बीजांडं आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. रात्र तीच, पाणी तेच. पण एक प्रजाती दुसरीच्या सुमारे दीड-दोन तास आधी हे काम उरकते. दुसरीची बीजांडं वर येईपर्यंत पहिलीचे शुक्राणू विखुरलेले आणि थकलेले असतात. दोन प्रजाती वेगळ्या राहण्यात या दोन तासांचा मोठा वाटा आहे. काजव्यांत हेच काम प्रकाशाची उघडझाप करते: किती वेळा, किती वेळाने, किती लांब. चुकीच्या तालाला मादी उत्तर देत नाही. ॲबलोनी या समुद्री गोगलगायींत तर नर-मादीने भेटायचंही नसतं. तिथे शुक्राणूवरचं एक प्रथिन बीजांडाच्या आवरणाला भोक पाडतं, आणि ते परक्या प्रजातीच्या आवरणावर नीट चालत नाही.

यातलं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण आहे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या मिम्युलस या फुलझाडांचं. त्यातली एक प्रजाती उंच डोंगरावर वाढते. तिची फुलं गुलाबी, पसरट, भुंग्याला उतरायला सोयीची. दुसरी खालच्या भागात वाढते. तिची फुलं लाल, नळीसारखी, मधाने भरलेली, हमिंगबर्डच्या चोचीला साजेशी. मधल्या उंचीवर दोन्ही एकत्र सापडतात, तरी संकर फार विरळा. हाताने परागण केलं तर मात्र संकर सहज होतो आणि ती संतती बऱ्यापैकी प्रजननक्षमही असते. म्हणजे वांझपणाचा वाटा इथे किरकोळ. खरं काम केलंय उंचीने आणि परागण करणाऱ्या जिवांनी. २००३ साली ब्रॅडशॉ आणि शेम्स्के या दोघांनी रंग ठरवणारा गुणसूत्राचा एक छोटा भाग या प्रजातीतून त्या प्रजातीत आणि त्यातून यात, असा संकर करून बसवला. लाल फुलं गडद गुलाबी झाली आणि त्यांच्यावर भुंग्यांच्या फेऱ्या ७४ पटींनी वाढल्या. गुलाबी फुलं पिवळसर-नारिंगी झाली आणि हमिंगबर्डच्या फेऱ्या ६८ पटींनी वाढल्या. रंगाच्या एका बदलाने पाहुणाच बदलला, आणि पाहुणा बदलला की परागकण कुठे जाणार तेही बदललं.

लक्षात घ्यायचं ते हे. लाल रंग 'दुसऱ्या प्रजातीपासून तुटावं म्हणून' निवडला गेला असं मानायची गरज नाही. जिथे हमिंगबर्ड चांगलं परागण करत होते, तिथे लाल फुलाला जास्त बिया धरल्या. तुटणं हा त्याचा परिणाम.

दुरावा काय करतो

पण एका समूहात असा फरक पडायला लागला, तरी शेजारच्याशी संकर चालूच असेल तर तो फरक पिढ्यागणिक मिसळून जातो. म्हणून नव्या प्रजातीच्या जन्मकथेत बहुतेक वेळा पहिलं पाऊल भूगोल टाकतो. नदी पात्र बदलते, डोंगर उभा राहतो, समुद्राची पातळी चढते, एखादी जोडी वादळात बेटावर जाऊन पडते.

यातला एक अडथळा फार मोठा आणि चांगला अभ्यासलेला आहे. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पूर्ण झाली आणि अटलांटिक व प्रशांत महासागर तिथे कायमचे वेगळे झाले. दोन्ही बाजूंना आज टिचकीसारखा आवाज करणाऱ्या अल्फियस कोळंबीच्या प्रजाती आहेत, आणि त्या जोड्याजोड्यांनी आहेत: इकडच्या प्रजातीची सर्वांत जवळची नातेवाईक तिकडे. नॅन्सी नॉल्टन यांच्या गटाने १९९३ साली अशा जोड्यांतले नर-मादी एकत्र आणले. बहुतेक वेळा ते एकमेकांवर नांग्या उगारून आले. यशस्वी प्रजनन जवळपास झालंच नाही. शिवाय सगळ्या जोड्यांत फरक सारखा नव्हता. खोल पाण्यातल्या प्रजाती आधी तुटल्या होत्या, किनाऱ्याच्या खारफुटीतल्या शेवटी. जमीन हळूहळू वर येत असताना खोल पाण्याच्या वाटा आधी बंद झाल्या, हा क्रम त्यांच्या जनुकांत उमटलेला आहे.

मध्ये काय घडतं? दोन्हीकडे उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले अचानक होणारे बदल, वेगवेगळी होतात. परिस्थिती वेगळी असेल तर निवड वेगळ्या दिशेने ओढते. लहान समूहात निव्वळ योगायोगानेही एखादं जनुक पसरतं किंवा नाहीसं होतं. ही फारकत प्रयोगशाळेत घडताना पाहता येते, आणि डायेन डॉड यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याचा नमुना आहे. त्यांनी फळमाशांच्या एकाच मूळ समूहातून आलेल्या काही वसाहती स्टार्चवर आणि काही माल्टोज साखरेवर वाढवल्या. जोडीदार कसा निवडायचा याच्याशी त्यांनी काहीही छेडछाड केली नव्हती. तरी पिढ्या उलटल्यावर माश्या एकत्र सोडल्या, तेव्हा स्टार्चवाल्यांचा कल स्टार्चवाल्यांकडे आणि माल्टोजवाल्यांचा माल्टोजवाल्यांकडे दिसला. स्टार्चवर वाढलेल्या दोन वेगळ्या वसाहतींत मात्र असा दुजाभाव नव्हता. म्हणजे नुसतं एकमेकांपासून दूर राहणं हे कारण नव्हतं. वेगळ्या अन्नाशी जुळवून घेताना जोडीदाराची पसंतीही वाटेत बदलली.

दोन बदल, दोन्ही निर्दोष

आता मूळ कोड्याकडे. संकर वांझ किंवा अशक्त कसा होतो, आणि तेही वाटेत कुणालाही वांझ न करता?

समजा एका समूहात अ आणि ब ही दोन जनुकं एकत्र काम करतात. समूह दोन बेटांवर विभागला गेला. पहिल्या बेटावर अ बदलून आ झालं. ते तिथल्या ब सोबत उत्तम चालतं, म्हणून पसरलं. दुसऱ्या बेटावर अ जसंच्या तसं राहिलं, पण ब बदलून भ झालं. ते अ सोबत उत्तम चालतं, म्हणून तेही पसरलं. दोन्ही बेटांवर एकही जीव आजारी पडला नाही, एकही वांझ निघाला नाही. प्रत्येक पाऊल निर्दोष होतं. पण आ आणि भ कधी एकमेकांसमोर आलेच नव्हते. ती दोघं एका शरीरात चालतील का, याची परीक्षा आजवरच्या कुठल्याही पिढीत झालेली नाही. ती पहिल्यांदा होते संकराच्या शरीरात, आणि तिथे ती नापास होऊ शकतात.

एकाच बनावटीची घड्याळं दोन कारागीर वर्षानुवर्षं आपापल्या गावात दुरुस्त करत आहेत, असं समजा. एकाने एक चक्र किंचित मोठं केलं, दुसऱ्याने दुसरं चक्र किंचित पुढे सरकवलं. दोघांचीही घड्याळं अचूक चालतात. मोठं केलेलं आणि पुढे सरकवलेलं अशी दोन्ही चक्रं एकाच घड्याळात बसवली, की दाते अडकतात.

विल्यम बेटसन यांनी ही कल्पना १९०९ साली मांडली होती, पण ती विस्मरणात गेली. पुढे १९३०च्या दशकात थिओडोसियस डॉबझान्स्की आणि १९४०च्या दशकात हर्मन मुलर यांनी ती पुन्हा, अधिक पक्क्या पायावर उभी केली. डार्विनच्या 'आपोआप'चा अर्थ अखेर इथे लागला. वांझपणा कुणी निवडलेला नाही. दोन बाजूंना वेगवेगळे, उपयोगी किंवा निदान निरुपद्रवी बदल साठत गेले, आणि त्यांचं एकमेकांशी न जुळणं हे त्या साठ्याचं अनपेक्षित फळ.

याचा जिवंत दाखला मत्स्यालयात ठेवल्या जाणाऱ्या माशांत मिळाला. प्लॅटी नावाच्या माशाच्या अंगावर काळे ठिपके असतात. त्याचा संकर स्वोर्डटेल या नातेवाईक माशाशी केला, तर संततीत ठिपके वाढतात. त्या संततीचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला, की काही पिल्लांत ठिपक्यांच्या जागी काळा कर्करोग होतो. १९२०च्या दशकापासून हे माहीत आहे. प्लॅटीकडे रंगपेशी वाढवणारं एक जनुक आहे आणि त्याला आवर घालणारी व्यवस्थाही आहे. दोन्ही एकत्र घडत आल्या, म्हणून प्लॅटी निरोगी राहतो. संकराच्या फेरवाटपात काही पिल्लांना जनुक मिळतं, आवर मिळत नाही.

खेचराचा हिशेबही या प्रकाशात पुन्हा करावा लागतो. ६३ गुणसूत्रांची विषम संख्या हे सोपं उत्तर आहे, पूर्ण उत्तर नाही. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातल्या प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४. त्यांच्या संकराला ६५ येतात, संख्या इथेही विषमच. तरी तो संकर प्रजननक्षम असतो. संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे ते दोन बाजूंच्या गुणसूत्रांची मांडणी आणि त्यांवरची जनुकं एकमेकांपासून किती दूर गेली आहेत, ते.

या कल्पनेतून एक सुंदर अंदाजही निघतो. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० नवे बदल झाले असतील, तर इकडचा नवा आणि तिकडचा नवा अशा कधीही न तपासलेल्या जोड्या होतात १००. बदल प्रत्येकी २० झाले की जोड्या होतात ४००. बदल दुप्पट, पण बिघाडाच्या शक्यता चौपट. म्हणजे सुरुवातीला समूह बराच काळ एकमेकांशी जुळते राहतात आणि नंतर विसंगती वाढत्या वेगाने साठते. २०१० साली फळमाश्या आणि टोमॅटोच्या नातेवाईक वनस्पती यांवरच्या स्वतंत्र अभ्यासांत असा वाढता वेग सापडला. टोमॅटोत तो बियांच्या वांझपणात दिसला, परागांच्या बाबतीत दिसला नाही.

संकरातही सगळे सारखे भोगत नाहीत. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली एक नियम सांगितला, तो आश्चर्यकारक सातत्याने खरा ठरत आला आहे: संकरात नर आणि मादी यांपैकी एकच वांझ किंवा दुबळं निघत असेल, तर बहुतेक वेळा ज्याची लिंग-गुणसूत्रं भिन्न असतात तेच. सस्तन प्राण्यांत आणि फळमाशांत भिन्न लिंग-गुणसूत्रं नराकडे असतात, म्हणून तिथे नराला फटका बसतो. पक्षी आणि फुलपाखरांत ती मादीकडे असतात, म्हणून तिथे मादीला. एक महत्त्वाचं कारण असं की, ज्याच्याकडे एक्स गुणसूत्र एकच आहे, त्याच्याकडे त्यावरच्या विसंगत जनुकाचा परिणाम झाकायला दुसरी प्रत नसते.

पुन्हा भेट झाल्यावर

दुरावलेले समूह कधीकधी पुन्हा एकत्र येतात. अडथळा कच्चा असेल तर ते मिसळून जातात. पण संकरित संतती दुबळी निघत असेल, तर आता मात्र निवडीला थेट काम मिळतं. परक्याशी जोडी जमवणाऱ्याची मेहनत वाया जाते. आपल्यातलाच जोडीदार ओळखणाऱ्याची संतती टिकते. ओळखण्याच्या खुणा म्हणून ठळक होत जातात. म्हणजे वांझपणा निवडला जात नाही, वांझपणा टाळणारी पसंती निवडली जाते.

टेक्सासमधल्या फ्लॉक्स या रानफुलात हे फार स्वच्छ दिसतं. त्याची एक प्रजाती एकटी वाढते तिथे फुलं फिकट निळी असतात. जिथे तिची दुसरी एक निळ्या रंगाची नातेवाईक शेजारी वाढते, तिथे हीच प्रजाती गडद लाल फुलते. दोन जनुकांतल्या बदलांनी हा रंग पालटतो. दोघींवर येणारी फुलपाखरं तीच. पण एका रंगावरून उडालेलं फुलपाखरू बहुधा त्याच रंगाकडे जातं, त्यामुळे लाल फुलांवर परके पराग कमी पडतात. शेजारीण नसती, तर लाल होण्याचं कारणही नसतं.

दुरावा नसतानाही

एकाच ठिकाणी राहून एकाचे दोन होऊ शकतात का? मायर यांचा याला कडवा विरोध होता, आणि त्यांचा आक्षेप वजनदार होता: सतत मिसळण होत असताना फरक टिकेल कसा? सफरचंदावरच्या एका माशीने या वादात जी साक्ष दिली आहे, ती मला निर्णायक वाटते. रॅगोलेटिस पोमोनेला ही माशी मूळची उत्तर अमेरिकेतल्या हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळांवर जगणारी. सफरचंद तिथे युरोपीय लोकांनी नेलं. १८६०च्या दशकात ही माशी सफरचंदांत अंडी घालते, अशी तक्रार सुरू झाली आणि बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने तेव्हाच, ही नवी प्रजाती घडण्याची सुरुवात असावी, असं लिहून ठेवलं. शंभर वर्षांनी गाय बुश यांनी ते धागे पुन्हा उचलले.

या माशीची मेख अशी की, नर-मादी भेटतात ते फळावरच. त्यामुळे कोणतं फळ आवडतं, यावर जोडीदार कोण हेही ठरतं. सफरचंदं हॉथॉर्नपेक्षा तीन-चार आठवडे आधी पिकतात आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते. सफरचंदवाल्या माश्या लवकर बाहेर पडू लागल्या, त्यांना सफरचंदाचा वास ओढू लागला, हॉथॉर्नचा नकोसा झाला. दोन्ही गटांत दर पिढीला सुमारे ४ ते ६ टक्के मिसळण अजून होते, तरी जनुकांतले फरक टिकून आहेत. त्या पूर्ण वेगळ्या प्रजाती अजून झालेल्या नाहीत. पण त्यांच्या अळ्यांवर वाढणारी एक परजीवी गांधीलमाशीही सफरचंद आणि हॉथॉर्न अशा गटांत विभागू लागली आहे. एका फारकतीने दुसरी सुरू झाली.

व्हिक्टोरिया सरोवरातले सिक्लिड मासे याहून पुढे गेलेले आहेत. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडं पडलं होतं. ते पुन्हा भरल्यावर तिथे जवळपास ५०० प्रजाती झाल्या. पाण्यात मुरलेला प्रकाश खोलीप्रमाणे बदलतो. गढूळ पाण्यात निळा लवकर संपतो, लाल खोलवर पोहोचतो. पुंडामिलिया गटातल्या दोन प्रजातींपैकी उथळ पाण्यातल्या माशांचे डोळे निळ्याकडे कललेले आणि नर निळे. खोल पाण्यातल्या माशांचे डोळे लाल प्रकाशाला जास्त संवेदनशील आणि नर लाल. अन्न शोधायला डोळे खोलीशी जुळले, आणि त्याच डोळ्यांनी माद्यांनी नर निवडले.

आणि मग आहेत वनस्पती, ज्या हे सगळं एका उडीत करतात. अमेरिकेतून जहाजांबरोबर इंग्लंडच्या साउदॅम्प्टन परिसरात आलेल्या स्पार्टिना गवताचा तिथल्या स्थानिक स्पार्टिनाशी संकर झाला आणि १८७०मध्ये तो नोंदला गेला. तो वांझ होता, कारण दोन पालकांची गुणसूत्रं जुळत नव्हती. पुढे काही वर्षांतच त्याच्यात गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झाला. आता प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून मिळाली आणि गवत बी धरू लागलं. दोन्ही मूळ पालकांशी त्याचा संकर मात्र नीट होत नाही. गव्हाची ४२ गुणसूत्रं म्हणजे अशाच टप्प्यांनी एकत्र आलेले तीन रानगवतांचे संच आहेत.

अर्धवट तुटलेल्यांचं काय

मायर यांच्या काटेकोर व्याख्येत न बसणारी उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. उलट ती सर्वत्र आहेत. तिबेटच्या पठाराभोवतालच्या रानांत हिरवट पर्णवटवट्या हा चिमुकला पक्षी कड्यासारखा पसरलेला आहे. हिमालयातून पश्चिमेने आणि पूर्वेने उत्तरेकडे जाताना त्याचं गाणं हळूहळू बदलत जातं, शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. पण कड्याची दोन टोकं सायबेरियात भेटतात, तिथे दोन्हीकडचे पक्षी एकमेकांच्या गाण्याला दाद देत नाहीत आणि सहसा जोड्याही जमवत नाहीत. जनुकांच्या पुढच्या अभ्यासात हे कडं पूर्वी काही ठिकाणी तुटलेलं होतं असं दिसलं, तरी एक प्रजाती कुठे संपते हे नकाशावर रेघ ओढून सांगता येत नाही, ते खरंच.

गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३पासून फिंच पक्ष्यांचा माग ठेवला. १९८१ साली तिथे शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरचा एक मोठा नर येऊन पोहोचला. त्याचं गाणं वेगळं, चोच वेगळी. त्याने स्थानिक मादीशी जोडी केली. पिल्लं बापाचं गाणं शिकली, आणि थोड्याच पिढ्यांत हा वंश फक्त आपापसात प्रजनन करू लागला. हा वंश पुढे टिकला किंवा मिसळून गेला तरी विलगतेची सुरुवात किती थोड्या पिढ्यांत होऊ शकते, ते डोळ्यांसमोर नोंदलं गेलं.

आपणही या यादीबाहेर नाही. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकसंचात सुमारे १ ते २ टक्के वाटा निअँडरथल मानवाचा आहे. पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही. एक्स गुणसूत्रावर तो फार कमी आहे, आणि वृषणांत काम करणाऱ्या जनुकांतही. संकरित पुरुषांची प्रजननक्षमता घटलेली असावी, असं यावरून अनेक संशोधक मानतात. दोन मानवसमूह तुटण्याच्या वाटेवर बरेच पुढे गेले होते, पण पूर्ण तुटलेले नव्हते.

विलगता जशी घडते तशी मोडतेही, आणि याकडे आपलं फारच कमी लक्ष जातं. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी शेतीतून आलेल्या पोषकद्रव्यांनी गढूळ होत गेलं, तसे रंग दिसेनासे झाले. ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की, गढूळ भागांत रंगही मंद आहेत आणि प्रजातींची संख्याही कमी आहे. प्रयोगशाळेत रंग ओळखू न येणाऱ्या प्रकाशात माद्या परक्या नरांनाही स्वीकारतात. कॅनडाच्या एनोस तलावात स्टिकलबॅक माशाच्या दोन प्रजाती होत्या, एक तळाशी चरणारी, दुसरी वरच्या पाण्यात. हिमयुगानंतर तिथे त्या घडल्या होत्या. १९९०च्या दशकात तलावात बाहेरून क्रेफिश हा नांग्या असलेला, झिंग्यासारखा प्राणी आला, तळाची परिस्थिती बदलली आणि काही वर्षांत दोन्ही प्रजाती मिसळून एक झाल्या. मासे आजही तलावात आहेत, संख्येने भरपूर. कुठल्याही मोजणीत मृत्यू दिसणार नाही. तरी जगात दुसरीकडे कुठेही नसलेली एक जोडी नाहीशी झाली आहे, आणि संवर्धनाचे आपले बहुतेक नियम संख्या मोजण्यावर उभे असल्यामुळे असा ऱ्हास त्यांच्या नजरेतून सहज सुटतो.